अकराशे सहा ठोके

तेजलचा एक ठोका शोधून त्यावर खूण करायला मला साधारण एक मिनिट लागे. एकूण अकराशे सहा ठोके होते. तीन दिवस मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला समुद्रातून वेचून काढत होते, आणि खोटं कशाला बोलू, नोकरीत इतकं मन लावून काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

नोकरी कसली ते आधी सांगते. कांदळपार गावासमोर समुद्रात पाच खडपं आहेत. खडप म्हणजे भरतीला बुडणारा आणि ओहोटीला डोकं वर काढणारा खडक. त्यांच्या पायथ्याशी पाण्याखाली प्रवाळाचं रान आहे. हे सगळं मिळून पाचखडपी सागरी राष्ट्रीय उद्यान. माझ्या लहानपणी ती नुसती खडपं होती. उद्यान झालं तोवर आत बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. २०३० नंतरच्या लागोपाठ चार उन्हाळ्यांत समुद्र तापला, प्रवाळ पांढरं पडलं आणि मेलं. पाणी निवळ, दगड स्वच्छ, मासा मात्र औषधालाही नाही. पर्यटक काचेच्या तळाच्या होडीतून खाली बघायचे आणि विचारायचे, "हे सुरू कधी होणार?"

ते सुरू करायला डॉ. घारपुरे आले. आमचे सर. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, आणि जेवणापेक्षा आवाजावर जगणारे. मी त्यांची ध्वनी सहायक. जेटीवरच्या केंद्रात कानांना हेडफोन लावून बसायचं, असं ते काम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, ते इतकं सोपं होतं की मी आजही जसंच्या तसं सांगू शकते.

माशांची अंडी फुटली की पिल्लं वाहत खोल समुद्रात जातात. तांदळाच्या दाण्याहून लहान जीव. तीन-चार आठवडे तिकडे काढतात आणि मग त्यांना राहायला खडक लागतो. एवढ्या पाण्यात खडक दिसणार कसा? तर तो ऐकू येतो. जिवंत प्रवाळ कधी गप्प नसतं. मासे घुमतात, साळूसारखे काटेरी जीव दगड खरवडतात, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ घालते ती बोटाच्या पेराएवढी एक कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा मोठी असते. ती नांगी कोळंबी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि टिचकी वाजते. अशा हजारो कोळंब्यांचं एकत्र ऐकलं तर तेलात मोहरी तडतडल्यासारखं वाटतं. ही तडतड ऐकून पिल्लं काळोख्या रात्री खडकाकडे पोहत येतात आणि तिथेच राहतात. मेलेल्या खडकावर कोळंबी नाही, म्हणून आवाज नाही. आवाज नाही, म्हणून कोणी येत नाही. कोणी येत नाही, म्हणून खडक मेलेलाच.

सरांचा इलाज असा होता की पाण्यात कर्णे सोडायचे आणि जिवंत खडकाचा जुना आवाज वाजवायचा. बोलावणं लबाडीचं, पण एकदा पाहुणे आले, राहिले, शेवाळ खाऊन दगड साफ करू लागले, की घर खरंच नांदतं होतं. आधी दुसऱ्या किनाऱ्यावरचे आवाज लावून पाहिले. आमच्याकडची पिल्लं फिरकली नाहीत. प्रत्येक खडपाचं घुमणं वेगळं असतं. हवा होता आमच्याच खडपाचा आवाज, तोही जिवंतपणीचा.

तो सरांना सापडला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कुणा संशोधन करणाऱ्या मुलीने तिसऱ्या खडपावरून पाण्यात माइकची तार सोडून त्रेचाळीस मिनिटांचा आवाज टिपला होता. मोडायला आलेल्या एका जुन्या डिस्कमधून सरांनी तो काढला आणि त्यानंतर ती डिस्क कायमची गेली. गंमत अशी की त्या मुलीकडे दोन तारा होत्या. एक पाण्यात, आणि दुसरी चुकून चालू राहिलेली, वर खडपावरच पडलेली.

"वरची तार आपल्या उपयोगाची नाही, हर्षदाताई," सर म्हणाले. "पण एकदा ऐकून ठेवा. नोंदीत लिहिण्यासारखं काही असलं तर बघा."

मी ऐकलं. आधी वारा, मग ठक-ठक, मग जोरात ठाक. आणि मग माझी आई बोलली.

आमची आई, भामा कुबल, जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. मोबाइल समोर धरला की ती ओठ मिटून घ्यायची. जे काही व्हिडिओ आहेत त्यांत ती नुसता हात हलवून "पुरे" अशी खूण करते. आणि इथे ती तेहतीस वर्षांची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मोकळ्या गळ्याने बोलत होती. ओहोटीला खडपावर बसून ती कालवं काढत होती. कालवं दगडाला घट्ट चिकटलेली असतात, वरचं कवच लोखंडी कोयतीने फोडून आतला जीव काढायचा. पण आमच्याकडच्या बायका उगीच सगळी फोडत बसत नाहीत. आधी दोनदा हलकेच वाजवून बघतात.

"आदी वाजव, मगे फोड," आई सांगत होती. "बद्द वाजला तर आत आसा. खण वाजला तर रिकामा."

"आये, ह्या बद्द वाजला," एक बारीक आवाज म्हणाला.

"वाजला मां? मगे फोड. शाबास गो, तेजू."

मी हेडफोन काढले, पाणी प्यायले आणि परत लावले.

"सगळी काढू नको," आई एकतिसाव्या मिनिटाला म्हणाली. "खडपाक एक ठेवचा. एक रवला तरच दुसरा येता."

त्रेचाळीस मिनिटांत तिने एकोणीस वेळा "तेजू" म्हटलं. सात वेळा "शाबास" म्हटलं. मी मोजलं, कारण माझा स्वभाव तसा आहे. "हर्षा" एकदाही म्हटलं नाही.

त्या फेब्रुवारीत मी नऊ वर्षांची होते आणि कुडाळला मावशीकडे राहून शिकत होते. मी हुशार, म्हणून मला पाठवलं. तेजल सहा वर्षांची, तिला घरी ठेवलं. मावशीने माझं काही कमी केलं नाही, पण तिच्या घरात शाबास म्हणायची पद्धत नव्हती. मी गणपतीला आणि मेमध्ये घरी यायचे तेव्हा तेजल आईच्या मांडीवर असायची, आणि मी पाहुणी म्हणून मला पाटावर बसवून आधी वाढायचे. पहिलं वाढून घेणं हा मान नव्हे, ती परक्याची वागणूक आहे, हे मला नवव्या वर्षीच कळलं होतं. पुढे मी पदवी घेतली, गावात परत आले, नोकरी धरली. तेजलने जेटीजवळ खानावळ काढली. सगळा गाव तिच्याकडे जेवतो आणि सगळा गाव मला म्हणतो, "तू तेजूची भैण ना?"

तर हा आवाज मी तिला सांगितला नाही. तिचं घर केंद्रापासून दहा मिनिटांवर. पण मनाशी म्हटलं, हिला प्रत्यक्ष आई मिळाली, मला निदान हे राहू दे. सरांनी विचारलं, "पाण्यातल्या तारेवर ती ठकठक कसली?" मी म्हटलं, "असेल कोणी कालवं काढणारी."

पहिला हंगाम आम्ही तो आवाज आहे तसा वाजवला. पाऊस संपल्यावर दोन-तीन अमावास्यांना पिल्लं येतात. ती मोजायला आम्ही खडपाशी उजेडाचे सापळे लावतो आणि सकाळी ते उघडतो. पहिल्या सकाळी तीन पिल्लं होती. पुढच्या आठवड्यात चाळीस. शेवटच्या अमावास्येनंतर दोनशे बारा. त्यांत तांबोशी होती, गोबरा होता, आणि काळ्या पट्ट्यांची एक इवलीशी जात होती जी पंधरा वर्षं कोणी पाहिली नव्हती. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेजलने सगळ्यांना फुकट सोलकढी पाजली. मी तिच्याकडे बघत उभी होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. ही बाई इथे पेले भरतेय, आणि तिकडे पाण्याखाली आई तिच्याबरोबर कालवं फोडतेय, तिच्या ठोक्यांवर समुद्र परत भरतोय. आणि तिला ते माहीतसुद्धा नाही.

मग वरून तज्ज्ञांची समिती आली. त्यांनी कौतुक केलं आणि एक सूचना केली, की नैसर्गिक आवाजात माणसाचा गोंगाट नसावा. सरांनी काम मला दिलं.

"प्रोग्रामला शिकवायचंय," ते म्हणाले. "माणसाचा प्रत्येक आवाज हुडकून तुम्ही त्यावर खूण करा. त्यावरून तो शिकेल आणि तसल्या जातीचं सगळं काढून टाकेल."

पाण्यातल्या तारेवर बोलणं उतरलेलं नव्हतं, फक्त ठोके होते. ते दोन प्रकारचे होते, हे जगात मला एकटीला कळत होतं. आईची कोयती जड. ठोका खाली दबलेला, घुमल्यासारखा. तेजलसाठी लोहाराने मोडक्या विळ्याच्या तुकड्यातून तळहाताएवढी कोयती करून दिली होती. तिचा ठोका बारीक, वर उडणारा, झटक्यात संपणारा.

मी तेजलच्या ठोक्यांवर खुणा केल्या. अकराशे सहा. आईच्या एकाही ठोक्याला हात लावला नाही. नोंदीत लिहिलं, "खोल दुहेरी आवाज: बहुधा गोबरा." गोबरा घुमतो हे खरं आहे. तो दोन वेळा वाजवून बघतो आणि मग फोडतो, एवढंच खोटं होतं.

बटण दाबलं. पडद्यावर आलं, सफाई पूर्ण. मूळ फाईल ठेवायची की पुसायची असं प्रोग्रामने विचारलं. मी पुसली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, जागा वाचवण्यासाठी.

दुसरा हंगाम सुरू झाला. दिवाळीच्या अमावास्येनंतर सापळे उघडले, एक पिल्लू. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य, आणि त्यानंतर सरांनी मोठ्याने आकडा सांगणं सोडून दिलं. गेल्या वर्षी आलेली पिल्लंसुद्धा कुठेतरी निघून गेली. साफ झालेल्या दगडांवर शेवाळाचा हिरवा पापुद्रा दिसू लागला. त्याने एकदा जाड थर धरला की प्रवाळाचा नवा कण तिथे चिकटू शकत नाही, मग वर्षानुवर्षं कर्णे वाजवा नाहीतर ढोल वाजवा.

"कार्तिकातली अमावास्या शेवटची," सर म्हणाले. "ती कोरडी गेली तर कर्णे दुसऱ्या किनाऱ्यावर हलवायचेत, तसं पत्र आलंय. पाचखडपीचा प्रयोग फसला असं मलाच लिहून द्यावं लागेल." मग ते म्हणाले, "आपण काय वेगळं केलं, हर्षदाताई? फक्त ठकठक काढली ना?"

चोराच्या मनात चांदणं. मी "हो" म्हटलं आणि केंद्रात जाऊन साफ केलेली फाईल पहिल्यांदा पूर्ण ऐकली. आधी ऐकलीच नव्हती, आणि सर माझ्या नोंदीवर विसंबून राहिले होते. जे काढायचं ते गेलं एवढं बघून मी खूश होते.

ठक-ठक. ठाक. आई. मग शांतता. ठक-ठक. परत शांतता. मोहरी तडतडत नव्हती. एकही टिचकी नव्हती. त्रेचाळीस मिनिटं आई एकटी कालवं फोडत होती आणि तिच्याभोवती मेलेला समुद्र होता. मला जे हवं होतं ते मला नेमकं मिळालं होतं.

काय झालं ते कळायला फार डोकं लागलं नाही. सहा वर्षांच्या मुलीने छोट्या लोखंडाने आमच्या काळ्या दगडावर मारलेला ठोका आणि कोळंबीची टिचकी, दोन्ही बारीक, दोन्ही झटक्यात संपणारे, दोन्ही त्याच खडपाच्या घुमण्यातले. जड ठोकेही शिकवले असते तर माणूस कसा वाजतो हे प्रोग्रामला समजलं असतं. मी त्याला फक्त तेजल शिकवली. त्याने मन लावून शिकून घेतली आणि तिच्यासारखं जे जे वाजत होतं ते सगळं, साठ हजारांवर आवाज, काढून फेकून दिले. बहिणीला पुसायला गेले आणि समुद्र पुसून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी दोन दिवस खटपट केली. दुसरीकडच्या कोळंबीचा आवाज मिसळून पाहिला, तो उपरा वाजत होता, प्रोग्रामनेच नाकारला. आमच्या खडपावर आता कोळंबी टिपायला गेलं तर तासाभरात पाच-सहा टिचक्या. अमावास्येला चार दिवस होते. आमच्या खडपाच्या घुमण्यातले, कोळंबीसारखे हुबेहूब ठोके मारू शकणारं जगात एकच माणूस होतं.

सकाळी खानावळीच्या मागच्या पडवीत तेजल सुरमई कापत होती. मला बघून तिने सुरी थांबवली नाही.

"काय गो, आज वाट चुकलंस?"

"तुझ्याकडे काम आसा."

"ता दिसताच आसा. काम नसताना तू कधी इलंस?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईचा आवाज, तिचा आवाज, अकराशे सहा खुणा, पुसलेली फाईल. सांगताना माझा आवाज ऑफिसातला अहवाल वाचल्यासारखा निघत होता, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात मला ते सांगता आलं नसतं. तेजलने हात धुतले, पदराला पुसले.

"तू माका पुसून टाकलंस," ती म्हणाली.

"होय."

"आणि आयेक ठेवलंस."

"होय."

"दोन वर्षा आयेचो आवाज तुझ्याकडे आसा, आणि माका सांगूक नाय."

तिने हात पुढे केला. वरच्या तारेची फाईल माझ्या मोबाइलवर होती, ती मी लावून दिली. ती पाटावर बसून ऐकत राहिली, पूर्ण त्रेचाळीस मिनिटं. चुलीवरचा भात लागला, तरी ती उठली नाही. मधे एकदा हसली, दोनदा डोळे पुसले. संपल्यावर तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

"तुका खय लागला ता सांग," ती म्हणाली. "खरा सांग."

"माझा नाव एकदा पण नाय त्याच्यात."

"कसा असतला?" तेजल म्हणाली. "खडपार ती सारखी तुझाच नाव घेय. हर्षा काय करता असतली, हर्षाक कालवां आवाडतत. दोनदा मी कोयती पाण्यात टाकलंय. सांगलंय, हर्षाचा नाव काढलंस तर मी येवचंय नाय तुझ्या वांगडा. तेच्यानंतर ती गप रवली."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"कित्याक गो?"

"कित्याक म्हणजे? तू कुडाळाक. तुका दप्तर, तुका बुटां. हय घरात सकाळ-सांज तुझाच पुराण, हर्षान पयलो नंबर काढल्यान. माझी बोटां फाटलेली बघ अजून." तिने उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटांवर पांढरे बारीक वण होते. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिले नव्हते. "खडपार तरी ती माका एकटीक होयी होती."

मला तिची दया आली असं म्हणायला हवं, पण पहिल्यांदा आला तो राग. माझं नाव आईच्या तोंडी होतं आणि हिने ते बंद पाडलं होतं. त्यानंतर लगेच लक्षात आलं की मी तरी वेगळं काय केलं. तिने सहाव्या वर्षी केलं, मी चव्वेचाळिसाव्या. तिला निदान वयाची सबब होती.

"ती बारकी कोयती आसा?" मी विचारलं.

"चुलीच्या वर खुपसलेली आसा," तेजल म्हणाली. "येतंय मी. पण तुझ्यासाठी नाय. खडपासाठी येतंय."

सरांना मी त्याच दुपारी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तो दुहेरी आवाज गोबऱ्याचा नाही."

"नाही. माझ्या आईचा."

"गोबऱ्याच्या दुहेरी हाकेवर मी शोधनिबंध पाठवलाय, हर्षदाताई. गेल्या महिन्यात छापून आला."

मी माझी नोंद उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"अमावास्येनंतर मला हे वर कळवावं लागेल," ते म्हणाले. "तोवर कामाला लागू या."

अमावास्येच्या आदल्या दिवशी, उजाडताना, पाणी पार खाली गेलं होतं. आम्ही तिघं तिसऱ्या खडपावर उतरलो. उद्यानात कालवं काढायला बंदी आहे, म्हणून रिकाम्या जुन्या कवचांवर आणि उघड्या दगडावरच वाजवायचं ठरलं. सरांनी तार पाण्यात सोडली. तेजल उकिडवी बसली. एवढी थोराड बाई, हातात खेळण्यातली वाटावी अशी कोयती, आणि मनगट मात्र सहा वर्षांच्या पोरीचं, जराही न विसरलेलं. ठिक. ठिक-ठिक. ठिक. सरांच्या हातातल्या पडद्यावर प्रत्येक ठोक्यापुढे हिरवं अक्षर उमटू लागलं: कोळंबी. कोळंबी. कोळंबी. चारशे बारा ठोक्यांपैकी चारशे तीन. सरांना हसू आवरेना. ज्या सारखेपणाने आम्हाला बुडवलं होतं तोच आता कामाला आला होता. या चारशे तीन ठोक्यांना लहानमोठं करून, पुढेमागे विखरून, प्रोग्राम त्यांची हजारोंची तडतड बनवणार होता. आईचे ठोके आमच्याकडे होतेच. ते काढायचे नाहीत, असं सरांनीच ठरवलं. गेल्या वर्षी ज्या आवाजाला पिल्लं आली त्यात ते होते, आता शुद्धाशुद्ध बघायला वेळ नव्हता.

"आता तू वाजव," तेजल मला म्हणाली.

"माका येणा नाय."

"खडपार इलंस आणि हात बांधून उभी रवतंस? धर."

मी कोयती धरली. तिने माझी बोटं सोडवून परत नीट बसवली. मी सत्तावीस ठोके मारले. माझं मनगट जड, घाबरलेलं, शाळेत फळ्यावर लिहिणाऱ्या मुलीचं. पडद्यावर सत्तावीस वेळा लाल अक्षर उमटलं: माणूस. माणूस. माणूस. तेजल पोट धरून हसली, सर दुसरीकडे बघू लागले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, ते लपवायला मी तार गुंडाळू लागले.

दुपारी केंद्रात बसून मी फाईल जोडली. सर म्हणाले, "तुमचे सत्तावीस तेवढे काढून टाका. ते कोळंबीही नाहीत आणि गेल्या वर्षीच्या आवाजातही नव्हते. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य."

"काढते," मी म्हटलं.

अमावास्येची रात्र मी घरी झोपून काढली असं सांगते, झोप लागली असं सांगत नाही. सकाळी जेटीवर तेजल आधीच येऊन उभी होती. सरांनी पहिला सापळा वर घेतला, पांढऱ्या तसराळ्यात पाणी ओतलं आणि वाकून मोजू लागले. वीसपर्यंत मोठ्याने मोजलं, मग नुसते ओठ हलू लागले. एकशे चौऱ्याण्णव. पाची सापळे मिळून सातशेच्या वर. तसराळ्याच्या कडेला काळ्या पट्ट्यांचं एक पिल्लू गोल गोल फिरत होतं. तेजलने माझा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सरांनी वर कळवलं. त्यांचा शोधनिबंध त्यांनी स्वतः मागे घेतला, माझी ध्वनी विभागातून बदली झाली. सध्या मी जेटीवर तिकिटं फाडते. पर्यटक काचेच्या तळाच्या होडीतून परत येतात तेव्हा काय काय दिसलं ते मलाच सांगतात, आणि जेवायला कुठे चांगलं मिळेल ते विचारतात. मी तेजलची खानावळ दाखवते. "तुम्ही त्यांच्या बहीण का?" असं अजूनही विचारतात, आणि अजूनही मला ते थोडं लागतं. ही खोड काही जाणार नाही.

माझ्या जागी आलेल्या मुलीने गेल्या महिन्यात मला गाठलं. म्हणाली, "ताई, एकतिसाव्या मिनिटाला एक ठोका राहिलाय. प्रोग्राम त्याला माणूस म्हणतो. कोळंबी नाही, आणि त्या आधीच्या जड ठोक्यांसारखाही नाही. चुकून राहिला असेल ना? पुसू का?"

आई एकतिसाव्या मिनिटाला काय सांगते ते तिला माहीत नाही. ते वरच्या तारेवर आहे, आणि ती फाईल आता तेजलकडे असते.

"पुसू नको," मी म्हटलं. "खडपाला एक ठेवायचा असतो."